आरोपी क्रमांक एकचा सत्कार

"हालू नका नं जी साहेब! टाचणी टोचली तं म्हनसान, निकालाच्या आधीच शिक्षा झाली."

श्यामला गावंडे गुडघ्यांवर बसून बोलत होती. तोंडात चार टाचण्या होत्या, तरी एकेक शब्द सुटा. सोळा वर्षं दुसऱ्यांचे कपडे आखूड-लांब करणाऱ्या बाईला ही विद्या आपसूक येते. तिच्यासमोर स्टुलावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश भास्करराव उभे होते. अंगात काळा गाऊन, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे स्टूल नसून उच्च न्यायालयाची पायरी आहे आणि आपल्याला तिथे पोचायला सरकारनेच उशीर केला.

"लांबी घोट्यापर्यंत ठेवा, श्यामलाबाई. आम्ही बसायचो तेव्हा पाय दिसता कामा नयेत, असा दंडक होता."

"तुमी बसाचे तवा बसाचे. आता उभं रायाचं आहे तुमाले. आरोपी आहा नं?"

"आरोपी असलो तरी न्यायाधीश आहे."

"तेच तं लफडं आहे साऱ्या नाटकात," श्यामला म्हणाली आणि तोंडातली शेवटची टाचणी गाऊनच्या घेराला लावली.

डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर साडीच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा आहे. त्यात दोन मशिनी, एक आरसा आणि पडदा लावलेला कोपरा. तो श्यामलाचा. ती मूळची वऱ्हाडातल्या एका गावची. नाव सांगून उपयोग नाही, फोनवरच्या नकाशालाही ते सापडत नाही. नवरा प्रताप दोन हजार सात साली स्वयंपाकाचा कोर्स शिकायला म्हणून इथे आला. पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, मिळाल्यावर त्याने पातेल्याला जो रामराम केला तो केला, आता गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. घरी साधा वरणभातही त्याला जमत नाही. श्यामला त्याच्यामागून आली. बारक्या पोरीला कडेवर घेऊन लोकांच्या पँटा शिवू लागली आणि शिवतच राहिली. तिच्या गाळ्यात अफगाणी म्हातारे येतात, सुदानी नवऱ्या येतात, गोऱ्या मास्तरणी येतात. सगळ्यांशी ती एकच इंग्रजी बोलते. त्यात क्रियापदं नसतात, पण कपडा मापात बसतो.

मराठी मंडळाला ती माहीत होती ती ब्लाउजपुरती. नाटकात तिला आणलं कौमुदीने.

कौमुदी बँकेत कॉम्प्युटरचं काहीतरी करते आणि शनिवार-रविवार नाटकं लिहिते. सगळ्या शहरांतल्या मराठी मंडळांच्या एकांकिका स्पर्धेसाठी तिने कोर्टाचं नाटक लिहिलं. कुठल्याशा देशात लढाई चालू आहे. चार न्यायाधीश लढाईच्या कायद्यावर बोट ठेवून माणसं फासावर पाठवतात. कोणी राजाची नक्कल केली, कोणी पळालेल्या शिपायाला खायला घातलं, दे फाशी. लढाई संपते, राज्य उलटतं, आणि तेच चार न्यायाधीश पिंजऱ्यात उभे राहतात. देशाचं नाव कौमुदीने लिहिलं होतं. ते मंडळाच्या कमिटीने खोडलं. नाव घेतलं तर कोणाला तरी लागेल, आणि ज्याला लागेल तो मंडळाचा सभासद असू शकेल, असा विचार झाला. कमिटी फार पुढचं बघते.

मुख्य आरोपी कोण, यावर चर्चा झालीच नाही. मंडळाचा अध्यक्ष यतिन, आणि यतिनचे वडील म्हणजे भास्करराव. त्यांनी सातारा-सांगलीकडे बत्तीस वर्षं खरीखुरी खुर्ची गरम केलेली. आता ते मुलाकडे राहतात, सकाळी बागेत फिरतात आणि बदकांना नियम सांगतात. सरकारी वकिलाचं काम शंतनूला मिळालं. शंतनू यतिनच्याच कंपनीत, यतिनच्याच हाताखाली. म्हणजे साहेबाच्या बापाला त्याने भर सभेत खुनी म्हणायचं होतं.

राहिली साक्षीदार. फाशी गेलेल्या पोराची आई. पाच मिनिटांचं काम, जुनं लुगडं, मेकअप नाही. मंडळातल्या एकाही बाईला वेळ मिळेना. कौमुदी ब्लाउज न्यायला गाळ्यात आली तेव्हा श्यामला एका गिऱ्हाइकाला झापत होती. त्याने पँट आखूड सांगितली होती आणि आता लांब मागत होता. "तुमी बोलले तेच म्या कापलं. आता बोलनं बदलोता काय जी?" कौमुदीने तिथेच तिच्या हातात कागद ठेवला.

"मी कायले? मले नाटक येत नाही, बापा."

"ताई, वाचून तर बघा."

रात्री भाकरी टाकून झाल्यावर तिने कागद वाचला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "करतो मी."

का, ते प्रतापला ठाऊक होतं.

अठ्ठ्याण्णव साली, श्यामला वीस वर्षांची असताना, गावच्या फाट्यावर एका बड्या असामीची जीप तिच्या भावाच्या अंगावरून गेली. ती हाटेलातून चहा घेऊन बाहेर येत होती. तालुक्याच्या कोर्टात तिने सांगितलं, "आवाज आयकून भायेर आली तवा जीप त्याच्यावर होती. मंग मांगं घेतली, अन् पुन्हा पुढं घातली." आपल्याकडे साक्षीदार बोलतो ते तसंच कागदावर जात नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतो, मग "हं, घ्या" म्हणून आपल्या सरकारी भाषेत लघुलेखकाला सांगतो. कागदावर आलं: 'आवाज ऐकून मी बाहेर आले. अपघात होताना मी प्रत्यक्ष पाहिला नाही.' जीप मागे गेली नाही, पुढे आली नाही. वाचून दाखवायचा नियम असतो. त्या दिवशी पुढची केस पुकारली होती, तिची फक्त सही घेतली. जीपवाला सुटला आणि पुढे सभापती झाला.

हे भास्करराव तेच न्यायाधीश असते तर गोष्ट लय रंगली असती. पण ते नव्हते. श्यामलाने पहिल्याच तालमीला विचारून घेतलं होतं. वऱ्हाडात त्यांनी पाऊल ठेवलेलं नव्हतं. उन्हाचा त्रास होतो म्हणे.

तर तिला पाहिजे होतं ते एवढंच. कोर्ट खोटं का असेना, पिंजरा प्लायवुडचा का असेना, एकदा आपण बोलू ते आपण बोललो तसंच उभं राहावं. कौमुदी म्हणाली होती, तुमच्या भाषेत बोला, मी लिहिलंय ते फक्त सांगाडा म्हणून धरा. श्यामलाने कागद मशिनीच्या वर टाचला. शिवण घालता घालता ती त्या लढाईतल्या आईची वऱ्हाडी करत गेली. महिनाभरात फॉस्टर स्ट्रीटवरच्या अर्ध्या गिऱ्हाइकांना समजत नसलेली एक साक्ष पाठ झाली.

तालमी रविवारी शाळेच्या हॉलमध्ये होत. पहिल्याच तालमीत लक्षात आलं की आरोपीवर आरोप करायला कोणी तयार नाही. शंतनूचं वाक्य होतं, "आरोपी क्रमांक एक, उभा राहा!" तो म्हणे, "सर, जरा उभं राहता का? गुडघ्याला त्रास नसेल तर."

"अरे शंतनू, ते खुनी आहेत," कौमुदी ओरडे.

"हो, पण मोठे आहेत ना गं."

मग आरोपीला पाठीचा त्रास निघाला म्हणून पिंजऱ्यात खुर्ची आली. तिला हात नव्हते म्हणून हातांची आली. मग उशी, मग थर्मास. न्यायासनावरचे तिघे बिचारे शाळेच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत, आणि आरोपी कातडी खुर्चीत गोल फिरत त्यांच्याकडे बघे. नवखा माणूस आत आला असता तर त्याने आधी पिंजऱ्याला नमस्कार घातला असता.

शिवाय भास्कररावांना सवय. कोणीही साक्ष दिली की ते पिंजऱ्यातूनच कुमारकडे बघून म्हणत, "हं, घ्या." कुमार शहरात ट्राम चालवतो, नाटकात तो लघुलेखक होता, मोडक्या कीबोर्डवर नुसती बोटं नाचवायची. तो गोंधळे. कौमुदी म्हणे, राहू दे, स्वभाव म्हणून छान दिसतं.

सहाव्या तालमीनंतर भास्कररावांनी नाटकावर कायदेशीर हरकत नोंदवली. न्यायाधीशाने त्या वेळी होता तो कायदा लावला; कायदा वाईट हा न्यायाधीशाचा दोष कसा? सबब शेवटी दोषी ठरवणं हे कायद्याला धरून नाही. यतिनने तातडीची बैठक बोलावली. अध्यक्षस्थानी यतिन, निमंत्रित तज्ज्ञ म्हणून भास्करराव. लेखिकेला विषय माहीत असल्यामुळे तिला बोलवायची गरज वाटली नाही. तासाभरात आरोपीने स्वतःचा निकाल स्वतः बदलून घेतला: 'पुराव्याअभावी निर्दोष.' चोराच्या हाती किल्ल्या देतात हे ऐकलं होतं. इथे चोराने कुलूपही स्वतःच बसवलं.

ही बातमी कौमुदी मंगळवारी गाळ्यात घेऊन आली. सुदानी नवरीच्या झग्यात श्यामला अर्धी बुडालेली होती.

"ताई, रागावू नका. तुमचा सीन कापलाय."

"किती?"

"दोन वाक्यं ठेवलीत. 'होय, तो माझा मुलगा होता. त्याला या न्यायाधीशांनी फाशी दिली.' एवढंच."

"काऊन?"

कौमुदी झग्याची लेस बोटाला गुंडाळत बसली. "निकाल पुराव्याअभावी आहे ना. तुमची साक्ष राहिली तर पुरावा होतो."

श्यामलाने झग्यातून डोकं बाहेर काढलं. "म्हंजे पुराव्याअभावी सोडाचं म्हून आधी पुरावाच कापला? वा रे बाप्पा! आमच्या तालुक्यात लोकं येवढे शिकेल नोते. ते पुरावा राहू देत अन् लिवत दुसरं."

"आणि ते... शुद्ध मराठीत म्हणायचंय. परीक्षक बाहेरचे आहेत, त्यांना कळलं पाहिजे."

"मले फाशीचं दुःख शुद्ध होत नाही, कौमुदीताई."

"मी भांडले हो. यतिन म्हणाला, हॉलचं बुकिंग मंडळाच्या नावावर आहे. मी सोडलं तर नाटकच पडेल."

"तुमी नका सोडू. मीबी नाही सोडत." श्यामला परत झग्यात शिरली. आतून आवाज आला, "पिंजऱ्यात तं उभं राहू देतान नं? की तेबी कापलं?"

घरी प्रताप म्हणाला, "दोन वाक्यासाठी कायले जाऊन रायली मंग? नोको जाऊ." पोरगी मयूरा युनिव्हर्सिटीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. "मम, जस्ट से युअर ओन थिंग. व्हॉट आर दे गॉना डू, अरेस्ट यू?" ती म्हणाली.

"नाही बाप्पा. कौमुदीले शबूद देल्ला, दोन तं दोन," श्यामला म्हणाली. आणि तिचा बेत खरंच तेवढाच होता. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढे मंडळात वेगळंच पसरलं.

स्पर्धा शनिवारी दुपारी. सिडनीहून क्वेकर्स हिलवाले लग्नाचा फार्स घेऊन आले होते, कॅनबेराहून गुंगालिनवाले थंडीची जाकिटं न काढता ऐतिहासिक नाटक घेऊन आले होते. नियम एकच कडक: पंचेचाळीस मिनिटं. हॉलचा माणूस नॅथन, पडदा आणि दिवे त्याच्या हातात. त्याला मराठी येत नव्हतं. त्याच्याकडे एक कागद आणि एक घड्याळ होतं, आणि तो दोघांनाच मानत होता. पंचेचाळीसाव्या मिनिटाला पडदा.

आता मराठी मंडळ म्हटलं की सत्कार आला. सत्काराशिवाय आपल्याकडे पाणीसुद्धा उकळत नाही. भास्कररावांचा सत्कार बक्षीस समारंभात ठरला होता, पण शाल घालायला बोलावलेल्या स्थानिक नगरसेवकाला अडीचलाच दुसरीकडे रिबन कापायची होती. मग सत्कार अलीकडे आला, म्हणजे नेमका नाटकाच्या आधी. भास्करराव गाऊन चढवून, तोंडाला रंग लावून तयार होते. तसेच त्यांना रंगमंचावर उभं केलं. चित्रलेखा निवेदन करत होती. तिने कागद वाचला, "न्यायदानाच्या निष्कलंक सेवेबद्दल..." नगरसेवकाने खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. नारळ फॉस्टर स्ट्रीटवरूनच आणलेला, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. टाळ्या पडल्या.

नॅथनच्या कागदावर लिहिलं होतं: टाळ्यांनंतर अंधार, मग दिवे, मग घड्याळ चालू. त्याने अंधार केला.

अंधारात भास्करराव चाचपडत पिंजऱ्यापर्यंत पोचले. आणि दिवे लागले तेव्हा आठशे माणसांच्या हत्येचा आरोपी क्रमांक एक शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन कातडी खुर्चीत बसलेला होता. प्रेक्षकांना वाटलं सत्कार अजून चालू आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शंतनू आरोपपत्र घेऊन पुढे आला, नारळ बघितला आणि सवयीने वाकून नमस्कार करता करता थांबला.

"तुम्ही... आपण... आठशे निरपराध नागरिकांना फासावर पाठवलंत, सर."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अभिनंदन!"

नाटक तसंच पुढे रखडत राहिलं. नारळ ठेवायला जागा नव्हती. पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला तर घरंगळे, म्हणून भास्करराव तो या हातातून त्या हातात करत राहिले. आरोपी क्रमांक दोन झालेल्या दातांच्या डॉक्टराने आपलं भाषण केलं. चाळिसावं मिनिट जवळ आलं. शंतनूने पुकारलं, "साक्षीदार!"

श्यामला आली. जुनं लुगडं, डोक्यावर पदर. साक्षीदाराच्या प्लायवुडच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि दिलेली दोन वाक्यं दिल्यासारखी, शुद्ध, म्हणाली. "होय, तो माझा मुलगा होता. त्याला या न्यायाधीशांनी फाशी दिली."

झालं. आता जायचं. विंगेतून कौमुदी हात हलवत होती.

पण भास्कररावांना सवय. त्यांनी नारळ डाव्या हातात घेतला, मान कुमारकडे वळवली आणि बत्तीस वर्षांच्या सुरात म्हणाले, "हं, घ्या. साक्षीदार म्हणते, मयत हा तिचा मुलगा असून त्यास फाशी झाल्याचे तिने ऐकले आहे."

श्यामला विंगेकडे वळली होती. ती थांबली.

"मी असं नाही म्हनलं."

कुमारची बोटं कीबोर्डवर थिजली. शंतनू कुजबुजला, "ताई, तुमची साक्ष संपली."

"कोन म्हनते? मी 'ऐकलं' म्हनलंच नाही. साहेब, मी पायलं. लिवा, पायलं."

भास्कररावांच्या कपाळाला आठी पडली. नाटक बिटक ते विसरले होते. "बाई, न्यायालयाशी नीट बोला."

"न्यायालय तिकडे बसलं आहे जी, त्या प्लास्टिकच्या खुर्च्याइवर. तुमी आरोपी आहा."

हॉलमध्ये जो हशा उठला त्यात शिट्ट्याही होत्या. न्यायासनावरचे तिघे दचकून सरळ बसले. आपण न्यायालय आहोत हे त्यांना पाचव्या तालमीपासून कोणी सांगितलं नव्हतं. भास्कररावांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या शालीकडे. हशा ओसरू दिला. मग हळू म्हणाले, "बरं. मग काय घ्यायचं?"

"मी बोलतो तसं."

आणि ती बोलली. मशिनीवर महिनाभर घोळवलेलं सगळं.

"माह्या पोरानं पळून आलेल्या शिपायाले भाकर देल्ली."

"साक्षीदाराच्या मुलाने फरारी सैनिकास अन्न पुरवून..."

"पुरवून नाही. भाकर. एक. कालची."

भास्करराव घुटमळले. "एक भाकर दिली. कालची. घ्या, कुमार."

"कोर्टात उभं केलं तवा मी मांगं भितीजवळ होती. साहेबानं माह्या पोराच्या तोंडाकडे पायलं नाही. घड्याळाकडे पायलं. जेवाच्या सुट्टीले सात मिनिटं होते. सात मिनिटात फाशी सांगतली, अन् जेवाले गेले."

"न्यायालयाने प्रकरण त्वरेने निकाली..." ते थांबले. नारळ हातात नुसता फिरत होता. "नको. खोडा ते. साहेबाने पोराच्या तोंडाकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं. जेवायच्या सुट्टीला सात मिनिटं होती." पुण्याच्या बाजूचा तो घासलेला आवाज एकेक शब्द पायाखालची फरशी तपासत टाकत होता. "सात मिनिटांत फाशी सांगितली. आणि जेवायला गेले."

"आता वाचून दाखवा."

कुमारने घाबरून मोडक्या कीबोर्डकडे बघितलं. वाचायला कागदच नव्हता.

"मले वाचून दाखोल्याबिगर मी सही नाही करत. एकडाव केली, बस झालं." हे वाक्य कौमुदीने लिहिलेलं नव्हतं, आणि श्यामलानेही मशिनीवर घोळवलेलं नव्हतं.

भास्कररावांनी डोळे मिटले आणि तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. एक भाकर. कालची. भितीजवळ होती. तोंडाकडे पाहिलं नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. म्हातारा बत्तीस वर्षं दुसऱ्याचं ऐकूनच जगला होता. ऐकायचं कौशल्य त्याला होतं, वापरायची वेळ फारशी आली नव्हती इतकंच.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

न्यायासनावरच्या मधल्या माणसाने निकालाचा कागद उलगडला आणि घसा खाकरला. तेवढ्यात पंचेचाळीस मिनिटं झाली. नॅथनने पडदा टाकला. चार न्यायाधीश दोषी की निर्दोष, हे ठरलंच नाही. कमिटीने बदललेला निकाल मधल्या माणसाने पडद्याच्या आत एकट्यानेच वाचला. तो ऐकला फक्त दातांच्या डॉक्टराने.

मागे यतिन लालबुंद होऊन उभा होता. "श्यामलाताई, हे काय होतं? ठरलं होतं ना दोन वाक्यं?"

"दोनच बोलली होती. तुमच्या बाबानं तिसरं जोडलं."

भास्करराव खुर्चीवर बसून शालीने कपाळ पुसत होते. "यतिन, गप्प बस." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, माझ्या कोर्टात असं बोलला असतात तर अवमानाची नोटीस काढली असती."

"म्हून तं तिथं कोनी बोलत नाही, साहेब."

ते हसले नाहीत. "त्या... घड्याळाचं. ते तुम्ही कुठून आणलंत?"

"भितीवर होतं नं. साऱ्याच कोर्टात रायते."

त्यांनी शालीची घडी घातली. नारळ मात्र त्यांनी जाताना तिथेच टेबलावर ठेवला.

पहिलं बक्षीस क्वेकर्स हिलच्या फार्सला गेलं. परीक्षकांनी आपल्या अभिप्रायात लिहिलं की सत्काराची शाल आणि नारळ आरोपीच्या हाती देऊन दिग्दर्शिकेने व्यवस्थेवर केलेलं भाष्य अत्यंत धाडसी होतं, आणि त्यासाठी रंगमंचीय वस्तूंचं खास बक्षीस. आईच्या भूमिकेबद्दल एकच ओळ होती: 'उच्चारांकडे लक्ष द्यावे.'

सोमवारी सकाळी कौमुदी गाळ्यात आली तेव्हा बक्षिसाचा कप पिशवीत होता आणि तोंड पडलेलं होतं. मंडळाने चौकशी समिती नेमली होती. नाटकाचा निकाल प्रेक्षकांपर्यंत का पोचला नाही, जबाबदार कोण. समितीत यतिन, त्याचा मावसभाऊ आणि सत्काराची वेळ बदलणारे चिटणीस.

"म्हंजे ज्याइनं केलं तेच," श्यामला म्हणाली. तिच्यासमोर शाळेच्या राखाडी पँटा रचलेल्या होत्या. सत्र उद्या सुरू होणार होतं आणि अर्ध्या डँडेनॉन्गची पोरं सुट्टीत उंच झाली होती.

"भास्कररावांनाही घेत होते. ते नाही म्हणाले. म्हणाले, मी आरोपी आहे, मला कसं बसता येईल?"

श्यामलाचा हात क्षणभर थांबला. "असं म्हनले?"

"हो. यतिनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही हे आधीच ठरवून केलंत असं पसरलंय, तुमच्याकडून मात्र लेखी खुलासा मागितलाय. रविवारपर्यंत."

"खुलासा कायचा? साऱ्या हॉलनं आयकला नं."

"तसं लिहून द्या मग."

"तुमी लिवा. मी सांगतो."

कौमुदीने फोन काढला आणि टाइप करायच्या तयारीत बसली. एवढ्यात दारातली घंटी वाजली. केली नावाची मास्तरीण आत आली. ती पलीकडच्या शाळेत शिकवते, आणि तिच्या स्वतःच्या दोन पोरांच्या चार पँटा त्या ढिगात होत्या.

"सॉरी लव्ह, टू अर्ली? आय कॅन कम बॅक दिस आर्व्हो." आर्व्हो म्हणजे इथली दुपार.

"नो, नो. टेन मिनिट. सिट," श्यामला म्हणाली आणि कौमुदीकडे न बघता पुढे बोलू लागली, "लिवा, मले दोन वाक्यं देल्ले होते, मी दोन बोलली..."

बोलता बोलता तिने पहिली पँट उलटी केली, जुनी दुमड उसवली, टेपने एकदा मोजून दोन बोटं सोडली, सुईखाली कापड सरकवलं आणि पायाने मशीन दाबली. मशिनीच्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना. कौमुदीने "काय?" म्हणून दोनदा विचारलं.

"थांबा, येवढं होऊ द्या," श्यामला म्हणाली आणि दुसरा पाय सुईखाली घेतला.